बेचाळीस सालचा तो तास: दिल्लीतल्या यंत्रणांना खुले पत्र

प्रति,
इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, निवृत्तिवेतन व निवृत्तिवेतनधारक कल्याण विभाग, ग्राहक व्यवहार विभाग आणि राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, नवी दिल्ली;
तसेच या सर्वांसाठी नोएडात आणि गुरुग्राममध्ये सॉफ्टवेअर लिहिणारे माझे व्यवसायबंधू आणि भगिनी



‘भारतात घड्याळ पुढेमागे होत नाही’ हे वाक्य आमच्या धंद्यात इतक्या वेळा कानावर पडते, की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे जाते आणि नोव्हेंबरमध्ये मागे येते. युरोपात हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी होते. आपल्याकडे मात्र साडेपाच तासांचा एकच हिशेब, बारा महिने तेरा काळ. आजच्यापुरते हे खरे आहे. पण आपल्या यंत्रणांमध्ये १९४२ ते १९४५ या काळात जन्मलेल्या माणसांच्याही नोंदी आहेत, आणि त्या काळापुरते हे वाक्य साफ चुकीचे आहे.

१ सप्टेंबर १९४२, मंगळवार. ‘चले जाव’चा ठराव होऊन तीन आठवडे उलटले होते, पुढारी तुरुंगात होते आणि पूर्वेकडून युद्ध ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपले होते. त्या दिवसापासून सरकारने देशाचे घड्याळ एक तास पुढे केले. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली प्रमाणवेळ साडेसहा तास पुढे गेली आणि १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशीच राहिली. एकूण ११४० दिवस. जगभरचे संगणक ज्या नोंदीवर चालतात तिच्याप्रमाणे ३१ ऑगस्टच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनंतर थेट १ सप्टेंबरचा एक वाजला. त्या रात्री बारा ते एक हा तास भारतात झालाच नाही. उलट १४ ऑक्टोबर १९४५ च्या रात्री अकरा ते बारा हा तास दोनदा झाला.

आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषांना हे तोंडपाठ होते. पत्रिका मांडायला बसले की ते आधी विचारत, जन्मवेळ स्टँडर्ड टाइमची की मुंबई टाइमची? साल त्रेचाळीस-चव्वेचाळीस असेल तर विचारत, यातून युद्धातला तास वजा केला आहे का? पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, कागदावरची वेळ कोणत्या घड्याळाची आहे हे विचारल्याशिवाय पुढचे गणित करायचे नाही, ही त्यांची शिस्त मला फार मोलाची वाटते. आमच्या प्रोग्रामना ती नाही. ते न विचारताच उत्तर देतात.

हे उत्तर कसे चुकते ते एका उदाहरणाने सांगतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी कचेरीत ज्येष्ठांच्या जन्मतारखा चाळा, १ जून ही तारीख पुन्हापुन्हा दिसेल. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, घरी जन्माची नोंद नसायची, आणि गुरुजी दाखल्यावर १ जून लिहून मोकळे व्हायचे. अशी लाखो माणसे ही तारीख आयुष्यभर वागवत आली. समजा, यातल्या एका आजींची जन्मतारीख १ जून १९४३ आहे. नातवाने पोर्टलवर तारीख निवडली, स्क्रीनवर ०१-०६-१९४३ असे बरोबर उमटले. आतमध्ये मात्र प्रोग्रामने त्या तारखेला सवयीने एक वेळ चिकटवली: मध्यरात्रीचे बारा. मग साठवण्यापूर्वी ती जागतिक वेळेत बदलली. या रूपांतरासाठी प्रोग्रामने ‘एशिया/कोलकाता’ या नावाची नोंद उघडली, १९४३ मध्ये भारत साडेसहा तास पुढे होता हे त्यात वाचले, आणि डेटाबेसमध्ये ३१ मे १९४३, संध्याकाळचे साडेपाच असे लिहून ठेवले. इथवर सारे नियमाला धरून झाले.

काही महिन्यांनी ही नोंद दुसऱ्या यंत्रणेकडे जाते. बँक असेल, विमा असेल, दुसरे एखादे खाते असेल. तिथल्या प्रोग्रामला ‘भारत म्हणजे साडेपाच’ एवढेच ठाऊक असते. तो ३१ मेच्या साडेपाचमध्ये साडेपाच तास मिळवतो. रात्रीचे अकरा वाजतात. तारीख अजून ३१ मेच असते. मग स्क्रीनवर दाखवताना वेळ गाळली जाते आणि उरते ३१-०५-१९४३. आजी एका दिवसाने मोठ्या झाल्या आणि दोन्ही यंत्रणांच्या लॉगमध्ये एकही त्रुटी नोंदली गेली नाही.

हाच प्रवास उलट दिशेने झाला, म्हणजे साठवताना साडेपाच आणि वाचताना साडेसहा, तर पहाटेचा एक वाजतो आणि तारीख १ जूनच राहते. म्हणून ही चूक एका बाजूने जाताना होते आणि दुसऱ्या बाजूने येताना होत नाही. त्यातून ती फक्त त्या ११४० दिवसांत आणि त्याआधीच्या, १९४१-४२ मधल्या अशाच एका छोट्या तुकड्यात जन्मलेल्यांच्या वाट्याला येते. टेस्टिंग करणारी मुले स्वतःची जन्मतारीख घालून पाहतात, फार तर आईवडिलांची. सगळे बरोबर येते. चाचणी पास होते.

मी स्वतः एका संस्थेच्या डेटा-स्थलांतराच्या कामात हे पाहिले आहे. जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नोंदी आल्या आणि १९४३, ४४, ४५ या सालच्या जन्मतारखा ओळीने एक दिवस मागे गेलेल्या आढळल्या. ‘म्हाताऱ्या माणसांचे कागद तसेही जुळत नाहीत’ असे म्हणून त्या बाजूला ठेवल्या गेल्या होत्या. ते कागद बरोबर होते. एका दिवसाचा फरक सप्टेंबर १९४२ मध्ये सुरू होऊन ऑक्टोबर १९४५ मध्ये थांबतो, हे तारखा क्रमाने लावल्यावर पाच मिनिटांत दिसले. क्रमाने लावून पाहणे हे मात्र कुणाचेच काम नव्हते.

आता ज्यांची जन्मतारीख १ सप्टेंबर १९४२ हीच आहे त्यांचे पाहू. त्यांच्या बाबतीत प्रोग्राम जी वेळ चिकटवतो, ती मध्यरात्रच त्या दिवशी नाही. इथे साधने वेगवेगळी वागतात. जावाची जोडा-टाइम ही जुनी लायब्ररी सरळ थांबते आणि ‘अशी वेळ अस्तित्वात नाही’ म्हणून त्रुटी फेकते. जावाची नवी पद्धत आणि ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट ती वेळ गपचूप एक तास पुढे ढकलून रात्रीचा एक करतात. पायथॉनमधले पांडाज आधी अडते, आणि पुढे सरकवू, मागे सरकवू की रकाना रिकामा ठेवू ते सांगा, असे लिहिणाऱ्याला म्हणते. मागे सरकवले की तारीख ३१ ऑगस्ट होते. पायथॉनची मूळ तारीख-वेळ तर काहीच न बोलता नसलेली वेळ ठेवून घेते. पाच साधने, चार वागणुकी, आणि एकाच सरकारी कामाच्या साखळीत ही पाचही साधने एकापुढे एक असू शकतात.

यातले अडणारे साधन मला सर्वांत प्रामाणिक वाटते. पण ते अडल्यावर माणसाच्या वाट्याला काय येते तेही पाहा. ‘ही वेळ अस्तित्वात नाही’ हे त्रुटीचे वाक्य सर्व्हरच्या लॉगमध्ये पडून राहते. खिडकीवर मात्र ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच दिसते. आजोबा पुन्हा प्रयत्न करतात. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून परत येतात. काउंटरवरचा मुलगा तारीख तीनदा भरतो आणि शेवटी म्हणतो, “बाबूजी, सिस्टम नहीं ले रहा, आधार में ठीक कराइए.” आधारमधली जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. बरोबर असलेली तारीख चुकीची करून घेण्यासाठी ती एकुलती संधी खर्ची पडू शकते.

करोलबाग आणि पहाडगंजच्या जुन्या मराठी घरांतून या वयाची माणसे आज भेटतात. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त ही मंडळी दिल्लीत आली, नूतन मराठी शाळेत मुले शिकवली आणि निवृत्त होऊन इथेच राहिली. मुले पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. त्यासाठी ‘जीवन प्रमाण’ची सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये आली, पुढे चेहरा दाखवून दाखला देण्याची सोयही झाली. ऐंशी ओलांडलेल्यांना नोव्हेंबरची वाट न पाहता १ ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. या सगळ्याबद्दल आपले आभार मानायला हवेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बँकेचा जिना चढावा लागत नाही ही लहान गोष्ट नाही. पण जितके काम माणसाकडून यंत्राकडे गेले, तितकी तारखेतल्या एका दिवसाची किंमत वाढली. पूर्वी समोरचा कारकून दाखला पाहून ‘असू द्या’ म्हणे. यंत्राला दोन तारखा अक्षरशः सारख्या लागतात.

एका दिवसाने काय बिघडते, असे कुणी विचारेल. सरकारला याचे उत्तर कुणी सांगायला नको. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, बाकीचे आपापल्या महिन्याच्या शेवटी. म्हणजे एका दिवसावर एक महिन्याचा पगार ठरतो. निवृत्तिवेतनाचेही तसेच आहे. वयाच्या ८० व्या वर्षी मूळ निवृत्तिवेतनाच्या २० टक्के, ८५ व्या वर्षी ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के जादा निवृत्तिवेतन मिळते, आणि ते वय ज्या महिन्यात पूर्ण होते त्या महिन्याच्या १ तारखेपासून सुरू होते. २०२१ च्या नियमांत याचे उदाहरणच दिले आहे: २० ऑगस्ट १९४२ ला जन्मलेला आणि १ ऑगस्ट १९४२ ला जन्मलेला, दोघेही १ ऑगस्ट २०२२ पासून पात्र. उदाहरणातली तारीख एका महिन्याने पुढची घेतली असती, तर नियम लिहिणाऱ्यांची गाठ थेट त्या नसलेल्या तासाशी पडली असती.

आता वरच्या आजींचा हिशेब पुन्हा करा. १ जून १९४३ धरले तर ८५ व्या वर्षाची वाढ १ जून २०२८ पासून. ३१ मे १९४३ धरले तर १ मे २०२८ पासून. म्हणजे एक महिना आधी. कुणी म्हणेल, त्यांचा फायदाच झाला. फायदा कसला? दोनचार वर्षांनी लेखापरीक्षणात ते निघते आणि ‘जादा प्रदान’ म्हणून वसुलीचे पत्र घरी येते. नव्वदीला टेकलेल्या बाईने आपण काही लबाडी केली नाही हे सिद्ध करायचे, तेही तिला न दिसणाऱ्या एका तासाच्या फरकाबद्दल. हे तिच्यावर येऊ नये.

ही चूक मुळात होते कशी? जन्मतारीख हा दिवस आहे. तो क्षण नव्हे. १ जून म्हणजे १ जून, नागपुरातही आणि न्यूयॉर्कमध्येही. त्याला टाइमझोन लागत नाही, तास लागत नाही, जागतिक वेळेत रूपांतर लागत नाही. पण वर्षानुवर्षे आमच्या हातात जी साधने होती त्यांत निव्वळ दिवस ठेवायला जागाच नव्हती. जावातली जुनी ‘डेट’ नावापुरती तारीख होती. आत ती १ जानेवारी १९७० पासून मोजलेले मिलिसेकंद ठेवत असे. जावास्क्रिप्टची ‘डेट’ही तशीच. जावामध्ये निव्वळ तारखेचा वेगळा प्रकार आला तो २०१४ साली. आपल्या कितीतरी प्रणालींचा पाया त्याआधी घातला गेला आहे, आणि पुढचे मजले त्याच सवयीने चढले आहेत. जुन्या लोकांनी त्यांच्याजवळ होते त्यातून काम उभे केले, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आज मात्र साधन हाताशी असूनही नव्या पोर्टलचा एपीआय जन्मतारखेच्या शेपटीला तास, मिनिटे आणि सेकंद जोडून पाठवतो, याला सबब नाही.

माझ्या नोएडा-गुरुग्रामच्या व्यवसायबंधूंना एक मनापासून सांगायचे आहे. नसलेली वेळ काय असते हे तुम्हाला शिकवावे लागत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी न्यूयॉर्कमध्ये रात्री दोनचे तीन होतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. रात्री अडीचला लावलेला बँकेचा जॉब त्या दिवशी चालेल की नाही, चालला तर दोनदा तर चालणार नाही ना, यासाठी तुमच्यातले कितीजण रविवारचे जेवण बाजूला ठेवून लॅपटॉपसमोर बसतात, हे मी जवळून पाहत आलो आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनसाठी सकाळी साडेसहाला तेच. परदेशी ग्राहकाच्या करारात हे लिहिलेले असते, म्हणून त्यासाठी टेस्ट केस असतात, चेकलिस्ट असते, रात्रपाळीला माणूस असतो. सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा सबंध दिवसच वगळला, तेही आपल्यातल्या अनेकांना माहीत असते. आपल्याच देशाच्या १ सप्टेंबर १९४२ साठी मात्र मी पाहिलेल्या एकाही सरकारी कामाच्या चाचणीत एक ओळ नव्हती. ती लिहायला दहा मिनिटे पुरतात. वेळ जागतिक वेळेत न्यायची, पुन्हा स्थानिक वेळेत आणायची, आणि जी दिली होती तीच परत आली का ते पाहायचे. आली नाही, तर ती वेळ कधी झालीच नव्हती. एवढी एक तपासणी प्रत्येक दारावर बसवली तर गपचूप पुढेमागे सरकवणे थांबेल.

राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेला आणि ग्राहक व्यवहार विभागाला माझी विनंती थोडी वेगळी आहे. भारताची प्रमाणवेळ आपण दिल्लीत, पूसाच्या परिसरात, अणुघड्याळांवर सांभाळता. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या निर्देशांनी देशातल्या संगणकांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा आपल्या सर्व्हरशी जुळवावीत असे ठरले. अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या प्रयोगशाळांतून ही वेळ देशभर पोहोचवण्याचे काम हाती घेतले गेले. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला गेला, ‘एक देश, एक वेळ’ या घोषणेसह. हे काम मोठे आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण हे सारे आजच्या आणि उद्याच्या क्षणासाठी आहे. कालची वेळ कोण सांभाळणार?

सध्या ती सांभाळते ती टाइमझोनची एक यादी. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली, पॉल एगर्ट यांनी ती वर्षानुवर्षे जोपासली, आणि जगभरचे हौशी अभ्यासक जुनी वर्तमानपत्रे आणि राजपत्रे धुंडाळून तिच्यात भर घालतात. आपल्या फोनपासून आपल्या सर्व्हरपर्यंत सगळे तिच्यावर चालते. या लोकांचे आपल्यावर उपकार आहेत. पण त्या यादीचा स्वतःचाच नियम असा आहे, की १९७० च्या आधीच्या काळाबाबत एखादी नोंद फक्त तिच्या नावातल्या शहरापुरती बोलते. सबंध भारतासाठी नोंद एकच, आणि तिच्या नावात कोलकाता आहे. तिच्यात १ ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२ असा पुढे सरकवलेल्या तासाचा आणखी एक तुकडा आहे. कोलकात्याच्या नोंदीतला तो तुकडा आज रत्नागिरीत, अकोल्यात किंवा दिल्लीत जन्मलेल्या माणसालाही जसाच्या तसा लागू होतो.

मुंबईची गोष्ट तर त्याहून गुंतागुंतीची. १ जानेवारी १९०६ ला प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती आनंदाने घेतली नाही. गिरणी कामगारांपासून महापालिकेपर्यंत विरोध झाला, आणि प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे चालणारा ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत शहरात टिकून राहिला. कोलकात्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. एकाच घरात दोन घड्याळे, एक स्टेशनची आणि एक शहराची, हे आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिले आहे. संगणकाच्या यादीत मुंबईची ही पन्नास वर्षे कुठेच नाहीत. त्या काळातल्या एखाद्या जन्मवेळेचा, मृत्युपत्राचा किंवा न्यायालयातल्या जबानीतल्या वेळेचा हिशेब यंत्राकडे सोपवला, तर ते अगदी आत्मविश्वासाने चुकेल.

म्हणून माझे म्हणणे असे, की प्रमाणवेळेच्या नियमांना एक परिशिष्ट जोडा. १९०६ पासून भारतात कायद्याने वेळ केव्हा, कुठे आणि किती बदलली, कोणत्या तारखेला किती वाजता बदलली, कोणत्या आदेशाने बदलली आणि तो आदेश कोणत्या प्रांताला लागू होता, हे सारे त्यात असावे. राष्ट्रीय अभिलेखागार जनपथावर आहे, प्रयोगशाळा पूसाला. दोन्ही एकाच शहरात आहेत. दोन अभ्यासकांना एक वर्ष द्या. मग जगाच्या यादीला भारताचा भूतकाळ भारत सरकारच्या शिक्क्यानिशी मिळेल, आणि आमच्यासारख्यांना कुठल्या नोंदीवर विसंबावे हा प्रश्न उरणार नाही.

हे केवळ जुन्या माणसांसाठी आहे असेही समजू नका. २०१८ साली आपल्याच प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्य भारतासाठी साडेसहा तासांची वेगळी वेळ असावी असा प्रस्ताव शोधनिबंधातून मांडला होता. आसामच्या चहामळ्यांत एक तास पुढचे ‘बागान टाइम’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सबंध देशाचे घड्याळ अर्धा तास पुढे करावे अशी सूचनाही अभ्यासकांकडून आली आहे. यातले काहीही उद्या स्वीकारले गेले, तर त्या रात्री भारतात पुन्हा एकदा अर्धा किंवा पूर्ण तास गायब होईल. १९४२ साली तो कुणाच्या हिशेबात नव्हता, कारण हिशेब वह्यांवर होता. उद्या त्या तासात लागलेल्या औषधांच्या आठवणी, कर्जाचे हप्ते, रेल्वेची आरक्षणे आणि रुग्णालयांतल्या जन्मनोंदी सगळ्या यंत्रात असतील.

माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे मागणे तीन ओळींत मावेल. ई-गव्हर्नन्सची मानके आपण ठरवता. त्यांत जन्मतारीख, निवृत्तीची तारीख, लग्नाची तारीख या सर्व निव्वळ तारखा म्हणूनच साठवाव्यात आणि पाठवाव्यात, त्यांना वेळ जोडू नये, असे बंधनकारक करा. एसटीक्यूसी या आपल्या गुणवत्ता-तपासणी यंत्रणेच्या तपासणीत १ ऑक्टोबर १९४१, १ सप्टेंबर १९४२, १ जून १९४३ आणि १५ ऑक्टोबर १९४५ या चार तारखा प्रत्येक पोर्टलमधून आत घालून दुसऱ्या टोकाला जशाच्या तशा बाहेर येतात का, हे पाहा. आणि जिथे वेळ खरोखर लागते, तिथे नसलेली वेळ आली तर प्रोग्रामने स्वतःच्या मनाने दुसरी वेळ लिहू नये. थांबावे, कारण समजेल अशा भाषेत सांगावे आणि निर्णय अधिकाऱ्याकडे द्यावा.

निवृत्तिवेतन विभागाला मात्र तारीख गाठायची आहे. १ सप्टेंबर १९४२ ला जन्मलेल्यांना १ सप्टेंबर २०२७ रोजी ८५ वर्षे पूर्ण होतील. तिथून ऑक्टोबर २०३० पर्यंत दर महिन्याला या ११४० दिवसांतली माणसे ३० टक्क्यांच्या पायरीवर येत राहतील. त्याआधी एकदा या काळातल्या सर्व जन्मतारखा मूळ सेवापुस्तिकेशी आणि निवृत्तिवेतन आदेशाशी ताडून घ्या. निवृत्तिवेतनधारकाला न बोलावता, कार्यालयातच. जिथे यंत्रात एक दिवस मागची तारीख सापडेल तिथे ती आपणहून दुरुस्त करा, बँकेला कळवा, आणि या कारणाने आधी दिल्या गेलेल्या रकमेची वसुली कुणाकडूनही होणार नाही असा लेखी आदेश काढा. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या महिलांच्या नोंदी आधी घ्या. त्यांच्या जन्मतारखेला अनेकदा शाळेचा दाखलाही नसतो, यंत्रात जे उमटले तेच त्यांच्या वयाचे प्रमाण धरले जाते.

या तपासणीसाठी लागणारी क्वेरी आणि चाचणीचे प्रोग्राम लिहून द्यायला मी तयार आहे, आणि माझ्या ओळखीचे आणखी काही मराठी प्रोग्रामरही तयार आहेत. मोबदला नको. बोलावलेत तर सीजीओ कॉम्प्लेक्सला येऊन बसू.

कळावे,
आपला नम्र,
नोएडातला एक मराठी प्रोग्रामर